दोन आसनांची रोडस्टर रोज वापरावी का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची, दोनच माणसांची छोटी स्पोर्ट्‌स गाडी केवळ रविवारच्या फेरफटक्यासाठी न ठेवता तिच्यावर रोजची नोकरी, बाजार आणि घरची कामे भागवता येतील का, असा हा प्रश्न आहे. पत्रे मुख्यतः इंग्लंडमधील मराठी वाचकांची आहेत आणि त्यांत माझदा एमएक्स-५ या गाडीचे नाव पुन्हा पुन्हा येते. त्यामुळे उत्तरेही तिच्याच अनुषंगाने दिली आहेत.

प्रश्न : मी रेडिंगला राहतो आणि नोकरी स्विंडनला आहे. आठवड्यातून तीन दिवस एम-४ महामार्गावरून जाऊन-येऊन सुमारे ऐंशी मैलांचा प्रवास होतो. पत्नीकडे तिची लहान हॅचबॅक आहे, मूलबाळ अजून नाही, उन्हाळ्यात आई-वडील साताऱ्याहून दोन-तीन महिन्यांसाठी येतात. गाडी इमारतीच्या उघड्या पार्किंगमध्ये, एका मोठ्या झाडाखाली उभी राहील. २०१६ ची, १.५ लिटर इंजिनाची, कापडी टपाची एमएक्स-५ माझ्या मनात भरली आहे, तर मित्र म्हणतात की घ्यायचीच तर २०१० च्या आसपासची, आपोआप मिटणाऱ्या कडक टपाची घे. मुळात रोजच्या कामाला ही गाडी घेणे हा वेडेपणा तर नाही ना?
(एक वाचक, रेडिंग)

उत्तर : वेडेपणा नाही. सत्तरच्या दशकापर्यंत ब्रिटनमध्ये एमजी, ट्रायम्फ, लोटस या कंपन्यांच्या दोन आसनी उघड्या गाड्या होत्या. त्या दिसायला देखण्या आणि चालवायला मजेदार होत्या, पण पावसात गळत आणि थंडीच्या सकाळी सुरू होतील की नाही याचा भरवसा नसे. एमजीचा ॲबिंग्डन येथील कारखाना १९८० मध्ये बंद पडला आणि बाजारातली अशा गाड्यांची जागा जवळजवळ रिकामी झाली. हिरोशिमाच्या माझदा कंपनीने फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात एमएक्स-५ मांडली. तिची घडण जुन्या ब्रिटिश गाड्यांचीच होती, पण १.६ लिटरचे इंजिन कंपनीच्या ३२३ या घरगुती गाडीच्या इंजिनाच्या घराण्यातले होते. ही गाडी कोणत्याही साध्या गॅरेजमध्ये दुरुस्त होते आणि तिचे सुटे भाग इंग्लंडमध्ये सहज मिळतात, याचे मूळ त्या निर्णयात आहे. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्याबाहेर पडली. इतक्या संख्येने विकली गेलेली गाडी केवळ हौसेखातर गॅरेजमध्ये झाकून ठेवणाऱ्यांनी घेतलेली नसते.

रोडस्टरबद्दल बोलताना लोक पावसाची, थंडीची आणि टपाची धास्ती घालतात. माझ्या मते या तिन्ही गोष्टी दुय्यम आहेत. गाडी रात्री कुठे उभी राहते आणि घरात दुसरी गाडी आहे की नाही, या दोन प्रश्नांवर खरा निर्णय अवलंबून असतो. आपल्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनुकूल आहे. पहिल्याचे मात्र नाही.

आधी झाडाचे पाहू. टप बंद असला तरी त्यावर पडणारे पाणी ओघळून टपाच्या मागच्या कडेच्या पन्हळीत जमते आणि आसनांच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत असलेल्या छिद्रांतून, बारीक नळ्यांवाटे, गाडीखाली निघून जाते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत या छिद्रांत पानांचा चुरा, बी, शेवाळ आणि धूळ यांचा लगदा साठतो. नळी तुंबली की पाणी आतच राहते, गालिच्याखाली मुरते, दरवाजाखालच्या पोकळ पट्टीत उतरते आणि तिथे गंज धरते. मालकाला याचा पत्ता लागतो तो काचा आतून धुरकट होऊ लागल्यावर किंवा गाडीत कुबट वास येऊ लागल्यावर. उपाय सोपा आहे, मात्र तो नेमाने करावा लागतो. पानगळ सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यानंतर, टप अर्धा मागे घेऊन, प्रत्येक छिद्रात कपभर पाणी हळूहळू ओतावे. मागच्या चाकाच्या पुढे, गाडीखाली, ते लगेच ठिबकले तर सर्व ठीक आहे असे समजावे. न ठिबकल्यास लवचीक प्लॅस्टिकची जाड दोरी हलकेच आत सरकवून मार्ग मोकळा करावा. तारेचा तुकडा कधीही घालू नये, कारण त्याने नळीच फाटते आणि मग पाणी जिथे जाऊ नये तिथेच जाते. इमारतीच्या व्यवस्थापनाकडे पार्किंगची जागा बदलून मागता आली तर अधिकच चांगले, आणि खरे सांगायचे तर गाडीचा रंग ठरवण्यापूर्वी मी तो अर्ज केला असता.

कडक टपाचा मित्रांचा सल्ला अगदीच अनाठायी नाही. तिसऱ्या पिढीतील, म्हणजे २००५ ते २०१५ या काळातील गाडीवर आलेला तो टप बारा सेकंदांत मिटतो, डिकीतली जागा खात नाही, चाकूने फाडता येत नाही आणि ताशी सत्तर मैलांना कापडापेक्षा कमी आवाज करतो. मात्र तो मिटवायला गाडी थांबवून गिअर न्यूट्रलला आणावा लागतो, आणि २०१० ची गाडी आता इतकी जुनी झाली आहे की टपाच्या मोटारी, बिजागऱ्या आणि रबरी पट्ट्या यांच्या दुरुस्तीचा खर्च गृहीत धरावा लागेल. चौथ्या पिढीचा, म्हणजे आपल्या मनातल्या २०१६ च्या गाडीचा, कापडी टप आरशाच्या वर मधोमध असलेला एक खटका सोडून, आसनावर बसल्या-बसल्या एका हाताने मागे टाकता येतो. सिग्नल हिरवा होण्याआधी हे काम होते. हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण रोजच्या प्रवासात टप किती वेळा उघडला जाईल हे त्यावरच ठरते, आणि टप उघडायचाच नसेल तर एवढ्या अडचणीची गाडी घेण्यात अर्थ नाही. गाडी रात्री भर रस्त्यावर, वर्दळीच्या वस्तीत उभी राहणार असती तर मी कडक टपाच्या बाजूने कौल दिला असता. आपल्यासाठी १.५ लिटरची कापडी टपाची गाडीच योग्य.

सामानाविषयी भ्रम नसावा. या गाडीची डिकी १३० लिटरची आहे. विमानात सोबत नेता येतात अशा दोन लहान बॅगा तीत बसतात, परंतु डिकीचे तोंड अरुंद असल्यामुळे खोका मापाने बसत असला तरी आत जाईलच असे नाही. समोरच्या डॅशबोर्डमध्ये कागदपत्रांचा कप्पा नाही. तो दोन्ही आसनांच्या मधोमध, मागच्या भिंतीत आहे. पाण्याची बाटली ठेवायची जागा चालकाच्या कोपराच्या मागे येते, त्यामुळे चालता चालता बाटली काढायची म्हणजे खांदा मुरगळून घेण्यासारखे आहे. एकट्याचा आठवड्याचा किराणा शेजारच्या आसनावर आणि डिकीत मिळून व्यवस्थित मावतो. दोघे बसले की मात्र किराणा घरी पोहोचवण्याची सोय पत्नीच्या हॅचबॅककडेच जाते.

आई-वडिलांच्या मुक्कामाचाही तसाच विचार करावा. हीथ्रोवर दोन माणसे आणि साताऱ्याहून आलेल्या चार मोठ्या बॅगा उतरतात तेव्हा ही गाडी पूर्णपणे निरुपयोगी असते. शिवाय आसन जमिनीपासून इतके खाली आहे की गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यात बसणे जमते, उठणे जमत नाही. त्या दोन-तीन महिन्यांत हॅचबॅक आपल्याकडे आणि रोडस्टर पत्नीकडे, अशी अदलाबदल वरचेवर करावी लागेल. तेव्हा हा निर्णय दोघांनी मिळून घ्यावा, आणि पत्नीचा होकार गृहीत धरू नये. विमा दोघांच्याही नावे उतरवावा, आणि पत्नीचा परवाना फक्त ऑटोमॅटिक गाडीपुरता असेल तर हाताने गिअर बदलायची गाडी तिला कायद्याने चालवता येणार नाही, हेही आधीच पाहावे.

महामार्गावर या गाडीची उणीव वेगात नसून उंचीत आहे. पावसात मालट्रकच्या चाकांनी उडवलेल्या पाण्याच्या फवाऱ्यात आपण नेमके त्या पाण्याच्या पातळीवर बसलेले असतो आणि उंच केबिनमधील ट्रकचालकाला आपण शेजारी आहोत हे दिसतेच असे नाही. म्हणून पाऊस आला की दिवसाही हेडलाइट लावावेत आणि ट्रकच्या बाजूला रेंगाळू नये. कापडी टपाखाली सत्तर मैलांच्या वेगाला फोनवर कामाचे बोलणे होणार नाही. ज्यांची सकाळची बैठक गाडीतच चालते त्यांनी ही गाडी घेऊ नये. स्टेपनी मिळत नाही, त्याऐवजी टायरमध्ये भरायचा द्राव आणि हवेचा छोटा पंप मिळतो. टायर बाजूने फाटला तर त्याचा काही उपयोग होत नाही, म्हणून रस्त्यावरील मदतसेवेचे सभासदत्व आवश्यक समजावे. पेट्रोलची मात्र फारशी चिंता नको. गाडीचे वजन एक टनाच्या आसपास असल्याने महामार्गावर ती गॅलनला चाळीस मैलांच्या पुढे जाते, म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला चौदा किलोमीटरहून थोडे अधिक. १.५ लिटरच्या गाडीला १९५/५० आर१६ मापाचे टायर असतात आणि ते २.० लिटरच्या सतरा इंची टायरपेक्षा स्वस्त पडतात व खड्ड्यांत कमी आपटतात. रोजच्या वापराला लहान इंजिनाची गाडी सुचवण्याचे हेही एक कारण आहे.

विम्याच्या अर्जात वापराचा प्रकार विचारतात. केवळ घरगुती आणि मौजेच्या वापराची पॉलिसी स्वस्त दिसते, परंतु तीत नोकरीच्या ठिकाणी जाणे-येणे समाविष्ट नसते. हा भेद न पाहता गाडी रोज कामाला नेली आणि अपघात झाला तर दावा अडचणीत येतो. रस्ताकराच्या बाबतीत १ एप्रिल २०१७ ही तारीख महत्त्वाची आहे. मार्च २००१ पासून त्या तारखेपर्यंत नोंदलेल्या गाड्यांचा कर त्यांच्या कार्बन उत्सर्जनावरून ठरतो, त्यानंतरच्यांचा वेगळ्या पद्धतीने. म्हणून गाडीचा नंबर टाकून प्रत्यक्ष रक्कम पाहूनच पुढे जावे.

शेवटचे म्हणजे, आपण सहा फुटांच्या आसपास उंच असाल तर आधी तासभर बसून पाहावे. २०१८ मधील सुधारणेपूर्वीच्या चौथ्या पिढीत स्टिअरिंग फक्त वर-खाली होते, पुढे-मागे होत नाही. गाडी तपासायला जाल तेव्हा विक्रेत्याने दाखवलेल्या गल्लीत चक्कर मारून समाधान मानू नका. सकाळच्या गर्दीत, टप बंद ठेवून, एम-४ चा किमान एक टप्पा करू देण्याची विनंती करा.

प्रश्न : हॅरोमध्ये राहतो. १९९९ ची, दुसऱ्या पिढीची, १.८ लिटरची एमएक्स-५ अगदी कमी किमतीत मिळत आहे. गाडी बाहेरून चकचकीत आहे, एमओटी, म्हणजे सक्तीची वार्षिक तपासणी, नुकतीच उत्तीर्ण झाली आहे. हीच रोज कामाला वापरावी आणि हिवाळाही तिच्यावरच काढावा असे वाटते. किंमत पाहता काय बिघडणार आहे?
(एक वाचक, हॅरो)

उत्तर : पहिली अडचण गाडीत नाही, आपल्या पत्त्यात आहे. लंडनचे अतिकमी उत्सर्जन क्षेत्र २९ ऑगस्ट २०२३ पासून सर्व बरोंमध्ये, म्हणजे शहराच्या सर्व प्रशासकीय विभागांत, लागू झाले असून हॅरो त्यात येते. पेट्रोल गाडी धुराच्या युरो-४ या मानकात बसत नसेल तर ती रस्त्यावर आणल्याच्या प्रत्येक दिवशी साडेबारा पौंड भरावे लागतात, आणि नाताळचा दिवस सोडल्यास ही आकारणी वर्षभर, चोवीस तास चालू असते. सर्वसाधारणपणे जानेवारी २००६ नंतर नोंदलेल्या पेट्रोल गाड्या या मानकात बसतात. त्याआधीच्याही काही गाड्या सुटतात, परंतु १९९९ च्या गाडीकडून तशी आशा ठेवू नये. सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की क्षणात उत्तर मिळते. वर्षाला दोनशे वीस दिवस कामाला गेलात तर ही रक्कम २,७५० पौंड होते. म्हणजे ज्या स्वस्ताईवर आपण भाळला आहात ती पहिल्याच वर्षात संपेल.

ही आकारणी लागू नसती, म्हणजे आपण लंडनबाहेर राहत असता, तरी मी गंजाविषयी सावध केले असते. पहिल्या दोन पिढ्यांत दरवाजाखालच्या पट्ट्यांचा मागचा भाग आणि मागच्या चाकांवरच्या कमानी आतून सडतात. त्याचे कारण वरच्या उत्तरात सांगितलेल्या तुंबलेल्या नळ्या. दुसऱ्या पिढीत आणखी एक जागा आहे आणि ती अधिक धोक्याची आहे. समोरच्या बंपरच्या मागे, इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणाऱ्या चासीच्या पोकळ पट्ट्या दुहेरी पत्र्याच्या असून दोन पत्र्यांच्या मधल्या सांदीत ओल आणि रस्त्यावरचे मीठ अडकून राहते. बाहेरचा पत्रा शाबूत दिसतो आणि आतला पापुद्र्यासारखा सुटत असतो. अपघातात धक्का झेलण्याचे काम याच पट्ट्यांचे असते. त्यांची वेल्डिंगसह दुरुस्ती करायची तर खर्च बहुधा गाडीच्या किमतीला मागे टाकतो. खाली वाकून, टॉर्च लावून, अँटिरोल बार (वळताना गाडी कलू नये म्हणून लावलेला दांडा) जिथे बसवलेला असतो त्या आसपासचा भाग पाहावा. फुगवटा, नुकताच फासलेला काळा जाड लेप किंवा टोकदार वस्तूने दाबल्यावर येणारा भुसभुशीतपणा यांपैकी काहीही आढळले तर विक्रेत्याचे आभार मानून परत यावे. चकचकीत रंगाने आपले मत अजिबात बनवू नये.

एमओटी उत्तीर्ण झाली म्हणजे त्या दिवशी गाडी किमान निकषांत बसली, एवढाच त्याचा अर्थ. त्याहून उपयोगाचा आहे तो मागील सर्व तपासण्यांचा इतिहास, जो नंबर टाकून कोणालाही विनामूल्य पाहता येतो. त्यात तपासनिसाने दरवर्षी लिहिलेले शेरे असतात. एका वर्षी ‘गंजाची सुरुवात’, पुढच्या वर्षी त्याच जागी ‘गंज वाढला’ आणि यंदा अचानक काहीच नाही, असे दिसले तर मध्ये दुरुस्ती झाली की नुसता लेप फासला, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. वेल्डिंग झाले असल्यास त्या कामाची छायाचित्रे मागावीत. नीट काम करून घेतलेल्या मालकाकडे ती असतातच.

हिवाळ्याबद्दल दोन शब्द. चालना मागच्या चाकांना, वजन हलके, आणि त्या काळातील गाडीत घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा गृहीत धरता येत नाही. अशा गाडीला झिजलेल्या किंवा अतिस्वस्त टायरांवर ओल्या गोल चौकातून नेणे हे अनुभवी चालकालाही जड जाते. तापमान सात अंशांच्या खाली राहू लागले की हिवाळी टायर घालावेत. इंग्लंडमध्ये त्यांची सक्ती नाही, परंतु या गाडीसाठी तो खर्च मी टाळणार नाही. रस्त्यावर मीठ पडण्याच्या काळात दर आठवड्याला पाण्याच्या फवाऱ्याने गाडीचे पोट धुवावे. टपावर मात्र तोच जोरदार फवारा मारू नये. टप मऊ ब्रशने हातानेच धुवावा आणि वर्षातून एकदा त्यावर पाणी न मुरू देणारा लेप द्यावा.

आपल्याला याच घराण्यातली गाडी हवी असेल तर २००६ किंवा त्यानंतरची, तिसऱ्या पिढीची शोधावी. तिची बैठक थोडी ऐसपैस आहे, इंजिनाला ठरावीक काळाने बदलाव्या लागणाऱ्या टायमिंग बेल्टऐवजी साखळी आहे आणि उत्सर्जनाची आकारणी होत नाही. तेलाची पातळी मात्र वरचेवर, निदान एक सोडून एक पेट्रोल भरताना, पट्टी काढून पाहत जावी, कारण या पिढीची काही इंजिने तेल पितात आणि दिवा लागेपर्यंत वाट पाहणे महागात पडते.

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची आहे. माझी एमएक्स-५ मी लग्नाआधीपासून वापरते. यंदापासून मुलीला शाळेत सोडणे माझ्याकडे आले आहे. पुढच्या आसनावर तिला बसवणे कायद्याला धरून आहे का?
(एक वाचक, मिल्टन कीन्स)

उत्तर : कायद्याला धरून आहे. मूल बारा वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचे होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, योग्य मापाचे बालआसन लागते; ते पुढे लावण्यास मनाई नाही. मागे तोंड असलेले बालआसन चालू एअरबॅगसमोर लावणे मात्र बेकायदा आहे. पाच वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तो प्रश्न सहसा येत नाही. पुढे तोंड असलेले आसन लावताना गाडीचे आसन जितके मागे जाईल तितके न्यावे, असे सांगितले जाते, आणि अडचण तिथेच आहे. या गाडीत आसनामागे लगेच भिंत असल्याने ते फार मागे जात नाही. एअरबॅग चालू ठेवायची की बंद, हे त्या-त्या वर्षीच्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते वाचल्याशिवाय बालआसन लावू नये.

कधीमधी सोडायला माझी हरकत नाही. रोजच्या शाळेसाठी मात्र मी ही गाडी सुचवणार नाही, आणि त्यात सुरक्षिततेइतकेच व्यवहाराचेही कारण आहे. मुलगी बसली की गाडी भरली. तिची मैत्रीण सोबत येणार असेल, दप्तराखेरीज हस्तकलेचा मोठा पुठ्ठा असेल किंवा शाळेतून आजीला घेऊन पुढे जायचे असेल, तर प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणाची तरी मनधरणी करावी लागेल. गाडी विकू नका. शाळेची जबाबदारी घरातल्या पाच आसनी गाडीकडे द्या आणि ती गाडी ज्याच्याकडे जाते त्याने त्या दिवशी शाळेत जावे.

प्रश्न : थंडीत टप उघडून गाडी चालवणारे लोक दिसतात. हे प्रकृतीला मानवते का, की केवळ मिरवणे?
(एक वाचक, ब्रिस्टल)

उत्तर : थोडे मिरवणे असतेच. पण दोन्ही काचा वर, आसनांमागे वाऱ्याची जाळी, हीटरची गरम हवा पायांकडे, डोक्याला लोकरीची टोपी आणि मानेला मफलर असेल तर कोरड्या थंडीत, साध्या रस्त्यावर, बाहेर उभ्या असलेल्या माणसापेक्षा आतला माणूस ऊबदार असतो. महामार्गावरील वेगाला मात्र वाऱ्याचा आवाज कानांना त्रास देतो, म्हणून तिथे टप बंदच असावा. कापड ओले असताना टप मिटवून ठेवू नये, घड्यांत बुरशी धरते. आणि आपल्याकडे पहिल्या पिढीची, प्लॅस्टिकच्या मागच्या खिडकीची गाडी असेल तर कडाक्याच्या थंडीत टप उघडूच नका. ती खिडकी ताठरते आणि घडीवर तडकते. एरवीही तिची चेन सोडून, ती सपाट करूनच टप खाली घ्यावा.

प्रश्न : धाकटा भाऊ इंग्लंडहून कायमचा पुण्याला परत येत आहे. त्याची सात वर्षांची एमएक्स-५ सोबत आणता येईल का? स्टिअरिंग उजवीकडेच आहे, म्हणून विचारतो. नाहीतर पुण्यात रोज वापरता येईल अशी दुसरी कोणती रोडस्टर आहे?
(एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : स्टिअरिंग उजवीकडे असणे ही केवळ एक अट झाली. जुनी गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि वेगाचा काटा किलोमीटरमध्ये असावा लागतो, जो इंग्लंडमधील गाडीत मैलांमध्ये असतो. आयातशुल्क गाडीच्या किमतीहून अधिक होते. शिवाय माझदा कंपनी भारतात गाड्या विकत नसल्याने साधा हेडलाइट फुटला तरी भाग परदेशातून मागवावा लागेल. भावाने ती तिथेच चांगल्या मालकाला विकावी.

भारतात मिळणाऱ्या रोडस्टर महागड्या वर्गातल्या आहेत. बीएमडब्ल्यूची झेड-४ इथे विकली गेली आहे, आणि २०२५ मध्ये एमजीची विजेवर चालणारी सायबरस्टर आली. सायबरस्टरचे वजन दोन टनांच्या घरात, म्हणजे एमएक्स-५ च्या जवळजवळ दुप्पट आहे. शक्ती भरपूर असली तरी हलक्या, साध्या, स्वस्त रोडस्टरची हौस तिच्याने भागणार नाही. आपल्याकडे तसा प्रयत्न नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एकदा झाला होता. सॅन स्टॉर्म या फायबरच्या कवचाच्या दोन आसनी गाडीत रेनोचे १.२ लिटरच्या आसपासचे छोटे इंजिन होते. ती फारशी खपली नाही.

पुण्यात अशा गाडीला मोठा अडथळा येईल तो सोसायटीच्या फाटकातल्या गतिरोधकाचा. एमएक्स-५ जमिनीपासून जेमतेम चौदा सेंटिमीटर उंच असते. दोघे बसल्यावर त्यातलेही थोडे कमी होते, आणि आपल्याकडचे हौशी कंत्राटदाराने घातलेले गतिरोधक कोणत्याही मापात बसत नाहीत. पावसाळ्यात पुलाखाली साचलेल्या पाण्याची खोली या आसनावरून समजत नाही, उन्हाळ्यात सकाळी दहानंतर टप उघडवत नाही, आणि उरलेल्या महिन्यांत सिग्नलला बसच्या धुराची नळी नेमकी चालकाच्या तोंडासमोर येते. भावाला उघड्या आभाळाचीच ओढ असेल तर नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी, कापडी टप मिटवता येणारी महिंद्र थार जुन्या बाजारात पाहावी. चालवण्याचा आनंद अगदी वेगळ्या जातीचा आहे आणि कोपऱ्यावर ती रोडस्टरसारखी वळत नाही, पण गतिरोधक आणि साचलेले पाणी यांची चिंता उरत नाही. घेताना कापडी टपाच्या शिवणी आणि पायांखालचा गालिचा उचलून खालचा पत्रा तपासावा, आणि ही तपासणी शक्यतो पावसाळा संपता संपता करावी, म्हणजे गळती लपवता येत नाही.